येराची आई

“सात नंबरचं नाव वाचा बाई,” धनराज सर म्हणाले. “मंग समजंल तुमाले, एवढी दुकानं सोडून मी इथीच काऊन आलो ते.”

माधवीनं यादी उजेडाकडे धरली. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेच्या खो-खो खेळणाऱ्या बारा पोरींची ती यादी होती. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख. टी-शर्ट नागपूरहून तयार आणलेले होते; त्यांच्या पाठीवर, आकड्याच्या वर, लाल रेशमी धाग्यानं मशीनवर नावं भरून द्यायची होती. शनिवारी इथंच, गडचिरोलीत, जिल्ह्याचे सामने होते. माधवीचं बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि सातव्या ओळीवर अडलं. येरा कोलू मट्टामी.

“असं नाव दुसरं कुठी पायलं का तुमी?” सर खुशीत येऊन सांगत होते. “मले वाटे, हे आमच्याच शाळेत हाये. बस स्टँडवरून येऊन राह्यलो होतो, तं पाटी दिसली, ‘येरा लेडीज टेलर्स’. म्हटलं, घ्या.”

“माया पोरीचं नाव होय ते,” माधवी म्हणाली.

“हौ का? मंग तं जोडीच झाली.”

जोडी या शब्दानं माधवीच्या कपाळावर आठी पडली. पण गिऱ्हाईक दारात असताना आठी जास्त वेळ ठेवता येत नाही. तिनं शुक्रवारी दुपारी घेऊन जा म्हणून सांगितलं, सर गेले, आणि मग तिनं पुन्हा यादी उचलून सातव्या ओळीतली जन्मतारीख वाचली. तिची येरा फेब्रुवारीतली. ही त्याच्या आदल्या मार्चमधली. म्हणजे अकरा महिन्यांनी मोठी. माधवीनं बोटं मोजून पाहिली, मग उलटी मोजून पाहिली. अकराच येत होते.

आता हे नाव तिच्या लेखी काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. लग्नाआधी माधवी माजरीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढली. तिच्या वर्गात तीन माधव्या होत्या, आणि बाई हजेरी घेताना त्यांना उंच माधवी, काळी माधवी, चष्म्याची माधवी असं म्हणत. ही काळी माधवी. पोटात पोर होतं तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की हिला कुणी असं ओळखायचं नाही. नाव असं हवं, की हाक मारली तर अख्ख्या जिल्ह्यात एकटीनं ओ द्यावी.

विहारात नामकरणाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं. विधी करणाऱ्या गुणवंतरावांनी नाव विचारलं तेव्हा आत्यानं पुढं होण्याआधीच संघपालनं, माधवीच्या नवऱ्यानं, सांगून टाकलं, “येरा.” गुणवंतरावांनी चष्मा वर केला आणि हे कुठल्या ग्रंथातलं, म्हणून विचारलं. संघपाल पंचायत समितीत हातपंपाचा मेकॅनिक. तो म्हणाला, ग्रंथातलं नाही, रानातलं आहे. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. पंप सुरू होऊन पहिलं पाणी आलं की तिकडची पोरं तेच ओरडतात. आजवर एवढं पाणी वर काढलं, तर पोरीला ते नाव द्यावंसं वाटलं. गुणवंतराव म्हणाले की पाण्यासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसलं ते ठाऊक असलेल्या घरात हे नाव शोभतं. बायांनी डोळ्यांना पदर लावला. आत्या तेवढी वर्षभर फुगून होती.

तेव्हापासून माधवीला हा किस्सा सांगायचं व्यसनच लागलं. ब्लाउजचं माप देता देता गिऱ्हाईक विचारी, हे मालिकेतलं नाव का हो, आणि माधवी टेप गळ्यात टाकून पहिल्यापासून सुरू करी. शेजारच्या पिको-फॉलवाल्या जाहिदाला ते नाव इतकं आवडलं, की नात झाली तेव्हा तिनं विचारलंच, आम्हीही ठेवू का? माधवीनं “तुमच्यात चालते का पन असं नाव?” असं काहीतरी पुटपुटून तो बेत हाणून पाडला. नातीचं नाव आफ्रीन ठेवलं गेलं आणि माधवीनं तिला हौसेनं दोन झबली शिवून दिली. गल्लीत तिला माधवी म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. ती येराची आई होती, आणि त्यात तिला फार सुख होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी संघपाल ओट्यावर बसून पंपाचे चामडी वायसर तेलात बुडवत होता. माधवीनं यादी त्याच्यापुढं धरली. त्यानं हाताला तेल असल्यामुळं ती न घेता मान वाकडी करून वाचली.

“बापाचं नाव कोलूच लिवलं हाये ना?” तो म्हणाला.

बाकी काही विचारलं असतं तरी चाललं असतं. हे नाव तिकडं कसं, कोण्या गावची पोरगी, काहीही. पण त्यानं बाप कोण तेवढंच पाहिलं, आणि माधवीला सगळं समजून चुकलं. सोळा वर्षं ज्याच्या डब्यात काय घालायचं ते न विचारता कळतं, त्याचं हेही न सांगता कळतं.

“कोन होय ते?” तिनं विचारलं.

“बुधरी.”

“मी पोट्टीचं नाई विचारून राह्यली.”

“पोट्टीची माय होय. बुधरी.” त्यानं वायसर वाटीत ठेवला. “एटापल्लीले होतो तवाची गोष्ट हाये. ते अंगणवाडीत मदतनीस होती. कोन्या पाड्यावर पंप बंद हाये ते तिलेच माहीत राहे. तिच्या घरचे नाई म्हने. माया घरचेबी नाई म्हने. मंग कोलूसंगं झालं तिचं लगन. मी बदली मागून इकडे आलो.”

“अन् नाव?”

त्यानं वाटीतला वायसर उलटा केला.

“नाव कोनं काढलं होतं?”

“दोघाइनं,” संघपाल म्हणाला. “मुलगी झाली तं म्हनून.”

माधवी आत गेली आणि भाताखालचा गॅस बंद केला, तो शिजला होता की नाही ते न पाहता. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्याखाली हेवा. इतका हेवा, की तिची तिलाच लाज वाटली. त्याचं कुणावर मन होतं एवढंच असतं तर तिनं गिळलं असतं. पुरुषांची असतात, बायकांचीही असतात, तिच्याही माहेरच्या वसाहतीत एक जण सायकल हळू चालवायचा. पण पोरीचं नाव! नऊ महिने हिनं वाहिली, आणि नाव मात्र दुसरीच्या हौसेचं. तेही तिनं आधी वापरलेलं. उष्टं. हाच शब्द तिच्या मनात आला आणि जाईना. आणि ज्या किश्श्यावर तिनं पंधरा वर्षं मिरवलं, पाणी आणि पंप आणि रानातली पोरं, त्यातला अर्धाच भाग त्यानं हिच्या वाट्याला दिला होता.

दुसऱ्या दिवशी येरा शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत. नाव, आईचं नाव, जन्मतारीख पालकांनी तपासावी. काही बदल करायचा असल्यास शनिवारपर्यंत कागदपत्रांसह यावं, त्यानंतर बदल होणार नाही. माधवीनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिला एकदम हलकं वाटलं.

“तुह्यं नाव बदलू आपुन,” ती म्हणाली. “श्रावस्ती ठेवू. चांगलं, अर्थाचं नाव हाये.”

येरानं दप्तर काढता काढता आईकडे पाहिलं. “काऊन?”

“काऊन म्हंजे? पुढं कालेजात जाशील, नोकरीले जाशील. येरा काय नाव होय? पोट्टे येरीगबाळी म्हनत नाई का तुले?”

“पाचवीत म्हनत होते. आता कोनी नाई म्हनत.” पोरीचा आवाज चढला. “आई, तूच तं सगळ्याइले सांगत राहते, असं नाव कोनाचंच नाई म्हनून. मले आवडते. मी नाई बदलवत.”

“तुले इचारून कोन राह्यलं?”

येरा जेवली नाही. संघपाल आपलं ताट उचलून ओट्यावर जाऊन जेवला. तिनं जन्माचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स एका पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला टांगली. शनिवारी सकाळी अकराला शाळेत जायचं, असं तिनं दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं भिंतीला सांगितलं.

शुक्रवारी तिनं टी-शर्ट पुरे केले. एक ते सहा झाले. सातवा तिनं मशीनवर ताणून बसवला, खडूनं आडवी रेघ मारली, आणि सुई खाली आणायला तिचा पाय पायडलवर जाईना. आपल्या हातानं, आपल्या धाग्यानं, हे नाव तिच्या पाठीवर भरून द्यायचं? तिनं रेघ झटकून टाकली, टी-शर्टची घडी घातली आणि आठवा घेतला. बाराही घड्या एकावर एक रचल्या तेव्हा सातवा मध्येच होता, कोरा. अठरा वर्षांच्या धंद्यात तिनं कधी कुणाचं काज चुकवलं नव्हतं. धनराज सर आले, गठ्ठा घेतला, वरचा एक उघडून वा म्हणाले आणि गेले. त्या दुपारी माधवीला झोप चांगली लागली, हे इथं नमूद करायला हवं.

शनिवारी सकाळी नऊला ती केस विंचरत असताना दुकानापुढं एक बाई येऊन थांबली. काळीसावळी, उंच, पिवळ्या काठाची स्वच्छ साडी, हातात प्लास्टिकची पिशवी. ती लगेच आत आली नाही. आधी तिनं पाटी वाचली. सावकाश, दोनदा वाचावी तशी. मग पायरीवर चपला काढल्या.

“बाई, मी येराची आई,” ती म्हणाली.

माधवीच्या हातातला कंगवा केसांतच राहिला. हे तीन शब्द या गल्लीत आजवर फक्त तीच म्हणत आली होती.

“शाळेत स्वयंपाक कराले हावो मी. पोट्ट्याइसंगं आली.” बुधरीनं पिशवीतून टी-शर्ट काढला. “याच्यावर नाव राहून गेलं.”

“धागा संपला होता,” माधवी म्हणाली.

मशीनवर लाल रीळ गच्च भरलेलं होतं. बुधरीनं ते पाहिलं.

“सर म्हने, राहू दे, आकडा हाये तं चालते. पन पोट्टी ऐकेच ना. म्हने, मले नाव पायजे पाठीवर. तिचं नाव हजेरीच्या बुकाबाहेर कुठी लिवलेलंच नाई ना आजपावतर.” ती जरा हसली. “तुमच्या इथी तं पाटीवर हाये.”

“बसा,” माधवी म्हणाली.

बुधरी स्टुलावर बसली. माधवीनं टी-शर्ट ताणला, रेघ मारली. तिला वाटत होतं की आता ही त्याच्याबद्दल विचारील. तिनं उत्तरं तयार ठेवली होती. बरे आहेत, साखर नाही, बीपी नाही, पुढच्या वर्षी वरच्या ग्रेडला जातील, आमचं छान चाललं आहे. विचार म्हणावं एकदा. मशीन घरघरत राहिली, आणि बुधरी खाली पडलेल्या चिंध्या उगाच एका बाजूला सारत बसली. तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर माधवीला राग आला असता. न विचारल्यानं तिचा जळफळाट झाला. न विचारण्याइतकं जिच्याजवळ काहीतरी शिल्लक असतं, तीच अशी बसते.

शेवटी माधवीच म्हणाली, “तुमच्या मालकाले माहीत हाये का, नाव कुठून आलं ते?”

“येर म्हंजे पानी. त्याइले काऊन नाई माहीत राहन?”

“तसं नाई.”

“नाई,” बुधरी म्हणाली. “तेवढं नाई माहीत.” मग थोड्या वेळानं, “तुमाले सांगतलं त्याइनं?”

“लग्नाच्या आधीच,” माधवी म्हणाली. बुधवारी, असं ती म्हणाली नाही.

बुधरीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलं. बहुधा तिला वाटलं असावं की ही गोष्ट त्यानं तिकडंच, रानात, ठेवली असेल. आणि ती तर इथं, दुसऱ्या बाईजवळ, कधीचीच पोहोचली होती. माधवीनं ते बरोबर टिपलं. आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

तिनं नाव भरलं. बाकीच्या अकरांवर एकेरी टाका होता. याच्यावर तिनं दुहेरी घातला आणि कडेनं पांढरी बारीक किनार दिली. ही काही माया नव्हती. संघपालच्या बायकोचा हात वाईट, असं या बाईनं एटापल्लीपर्यंत घेऊन जाऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. पण काम उतरलं ते चांगलंच. बुधरीनं अक्षरांवरून अंगठा फिरवला.

तेवढ्यात आतल्या दारातून येरा आली, शाळेचा गणवेश, वेणी अर्धी घातलेली, डोळे रुसलेले. “आई, अकराले जायाचं हाये ना? सर थांबनार नाईत.” परकी बाई पाहून ती तिथंच उभी राहिली.

बुधरीनं तिच्याकडे पाहिलं. नाक, कपाळ, कान. माधवीला माहीत होतं ती काय शोधते आहे. पोरगी हुबेहूब बापावर गेली होती, आणि आजवर हे कुणी म्हटलं की माधवीला गंमत वाटायची.

“किती वर्साची हाये?” बुधरीनं विचारलं.

“पंधरा.”

“माई मोठी हाये,” ती म्हणाली. आणि उठली. टी-शर्टची घडी पिशवीत ठेवताना तिनं माधवीकडे न बघता सांगितलं, “मी आली होती म्हनून त्याइले नोका सांगू.” पायरीवर चपला घालून ती निघाली. पाटीकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही. मैदानाच्या बाजूनं शिट्ट्यांचे आवाज यायला लागले होते, तिकडं ती भराभरा चालत गेली.

अकरा वाजता माधवी शाळेच्या ऑफिसात बाकावर बसली होती. मांडीवर कागदांची पिशवी, शेजारी येरा, तोंड खिडकीकडं. लिपिकानं फॉर्म पुढं सरकवला आणि बदल काय तो विचारला.

माधवीनं फॉर्मवरच्या नावाकडं पाहिलं. श्रावस्ती हे नाव चांगलं होतं, त्यात वादच नव्हता. आज खोडलं की पुढं कुठल्या गुणपत्रिकेवर, कुठल्या नोकरीच्या कागदावर हे येणार नव्हतं. दुकानाची पाटीही रंगवून घेता आली असती. मग येरा नावाची एकच पोरगी उरली असती. तिकडं, एटापल्लीला. संघपालच्या मनात ते नाव आलं, की थेट तिकडंच जायला वाट मोकळी. मध्ये अडवायला इथं घरात कुणी नाही.

“काही बदल नाई,” माधवी म्हणाली आणि सही केली. तिची सही नेहमीपेक्षा मोठी आली.

बाहेर आल्यावर येरानं आईच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडं घेतली. पोरीला वाटलं, आपल्या हट्टापुढं आई नमली. माधवीनं तिला तसं वाटू दिलं.

सामन्यांचं काय झालं ते संध्याकाळी जाहिदाकडून कळलं. एटापल्लीकडच्या पोरी उपांत्य फेरीत हरल्या, पण त्यांतल्या एकीनं आठ जणी बाद केल्या म्हणे, पाठीवर तुमच्या दुकानाचं नाव होतं, लोक तेच ओरडत होते. माधवीनं ते ऐकून घेतलं. संघपाल तेव्हा पंपाच्या कामावरून नुकताच आला होता आणि नळाखाली पाय धूत होता. त्यानंही ऐकलं असावं. त्यानं पाय जरा जास्तच वेळ धुतले.

सात वाजता तिनं पानं मांडली. संघपाल भिंतीला टेकून पेपर वाचत होता, येरा मागच्या खोलीत भूमितीची वही घेऊन बसली होती. चार दिवसांत माधवीनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. पोरी, बाई, अगं, असं करून निभावलं होतं. पण आता फॉर्मवर सही झाली होती. कधीतरी म्हणावंच लागणार होतं.

“येरा,” तिनं हाक मारली, “जेवाले ये.”

आतून ‘आली’ यायला नेहमीसारखा वेळ लागला. संघपालची मान मात्र झटकन पेपरातून वर आली. गेली पंधरा वर्षं प्रत्येक हाकेला ती अशीच वर येत होती, पोरीच्या आधी. आणि बापाचा जीव लेकीत किती अडकला आहे म्हणून माधवी ते अख्ख्या गल्लीला कौतुकानं सांगत आली होती.

“तुमाले नाई,” ती म्हणाली. “पोरीले बलावलं मी.”

आणि तिनं त्याच्या ताटात भात वाढला.